भांग

दर दुसऱ्या शनिवारी जीप येते दुकानापाशी.
जैतापुरात सगळ्यांना ठाऊक, शटर अर्धं ओढलेलं
म्हणजे मी सड्यावर गेलोय, तुरुंगात.

फाटकात थैली उलटी करायची.
कात्री एक, कंगवे दोन, मशीन एक, फवारा.
वस्तरा नाही. आरसा तर नाहीच;
पहिल्या खेपेला नेला होता लहानसा,
जमादार घवाळी म्हणाला,
इथं कुणाला कुणाचं तोंड बघायचंय?

शेवटच्या आवारात नऊ खोल्या.
चिऱ्यावर सिमेंट, सिमेंटवर पांढरा रंग,
दिवा रात्रीही चालूच.
तेवीस तास आत, एक तास बाहेर,
बाहेर म्हणजे वर जाळी घातलेला कोरडा हौद.
समुद्र हाकेवर. दिसत नाही.
ऐकू येतो, पण चारी भिंतींतून,
त्यामुळे कुठल्या अंगाला आहे ते कळत नाही.

खुर्ची जमिनीत रुतवलेली.
बेडी खुर्चीच्या हाताला.
मी गळ्याभोवती कापड बांधतो तेव्हा
काही जण डोळे मिटून घेतात.

सात नंबरच्या मनगटावर गोंदलेलं: न्हानू.
आडनाव पेपरात वाचलं होतं, गुन्हाही.
दोन जीव. चांगला माणूस म्हणून सांगत नाहीये मी.
त्यानं डोकं माझ्या तळहातात सोडलं,
पोर झोपेत सोडतं तसं,
आणि ओठ न हलवता विचारलं,
"आज भांग आसा काय उधाण?"

मी म्हटलं, झिरो मशीनला कसला रे भांग.
मान अर्धी भादरून झाल्यावर उमगलं.
गाबिताचं पोर ते. त्याला तिथ हवी होती.

तिथं बोलायला मनाई. केसांबद्दल चालतं, तेही थोडं.
तेव्हापासून अष्टमीच्या सुमाराला
मी त्याच्या उघड्या टाळूवरून
कपाळापासून शेंडीपर्यंत बोट ओढायचो, सरळ.
भांग. पाणी सुस्त.
पुनवेला, अवसेला दोन्ही पंजे
मानेकडून वर, नसलेले केस विस्कटत.
तो हसायचा नाही.
नाकानं लांब श्वास घ्यायचा.
दोन वर्षं एवढंच बोललो आम्ही.

आषाढात एका खेपेला
भांग कुणी आधीच पाडून ठेवला होता.
कपाळापासून मागे, तिरका,
टाके अकरा, काळ्या दोऱ्याचे, घाईचे.
"मोरीत पडला," घवाळी म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

मोरीत पडलेला माणूस मी पाहिलाय, माझा बाप.
त्याचे तळवे फुटले होते. पडताना हात पुढे जातातच.
याचे तळवे धड होते.
कानामागे निळं, बुटाच्या टाचेएवढं.
मी मशीन अंतरावरून फिरवलं, कडेकडेनं.
अवस होती त्या दिवशी,
खाली जेटीवर पाणी चढलेलं,
आणि त्या डोक्यावर दोन पंजे ठेवायला जागा नव्हती.
त्यानंही विचारलं नाही.

श्रावणात रत्नागिरीहून साहेब आले, कागद घेऊन.
दुकानात माझ्याच खुर्चीत बसले.
डोक्यावर काही पाहिलंत?
मी आरशातून त्यांच्याकडे बघत म्हटलं,
केस.
त्यांनी तेवढं लिहून घेतलं.
मग म्हणाले, आलोच आहे तर मिशी जरा बारीक करा.
पैसे चोख दिले.

परवा सातच्या खुर्चीत दुसराच.
नांदेडकडचं कोवळं पोरगं, मिसरूड नुकतं फुटलेलं.
न्हानूचं काय झालं, कुणी सांगत नाही.
फाटकावरच्या यादीत कात्री एक, कंगवे दोन,
सगळं जागच्या जागी.

कापड बांधलं. त्याची मान थरथरत होती.
बाहेर चतुर्दशीचं पाणी कातळावर आपटत होतं,
भिंतींतून येत होतं, जमिनीतून, खुर्चीच्या पायांतून.
"मामा," ते म्हणालं, "हा आवाज कशाचा?"

घवाळी दारात उभा.
मी बटण दाबलं.
म्हटलं, मशीनचा.